तेहतीस फेऱ्यांचा माणूस

मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. दुकानातला काटा दोन ग्रॅमनं झुकत असला तरी तो मला दारातूनच ओळखू येतो, असं आमच्या खात्यात बोललं जातं. (हे पहिल्यांदा मीच बोललो होतो, पण आता सगळे बोलतात.) त्यामुळे जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झालं असतं, तर मी दोन दिवस हसून सोडून दिलं असतं. ते माझ्या बाबतीत झालं. महिना होत आला, पण अजून चहाचा कप उचलला की मधेच आठवतं आणि कप तोंडाशी तसाच राहतो.

सुरुवात केली वाचनालयाच्या कार्यवाह बाईंनी. बाई वाचनालयाचा वार्षिक अंक काढतात. त्यासाठी सभासदांकडून लेख मागतात, आणि जो देत नाही त्याला हवी असलेली पुस्तकं वर्षभर नेमकी बाइंडिंगला गेलेली असतात. यंदाचा विषय होता, 'माझी आवडती गाणी'.

"तुमच्या खिडकीतून रोज संध्याकाळी ऐकू येतं, ते काय असतं हो?" बाईंनी विचारलं.

"सोल," मी म्हणालो.

"चपलेचा?"

"आत्म्याचं संगीत असतं ते बाई."

"मग लिहा की. आत्म्यावर अजून कुणाचा लेख आलेला नाही."

माझ्याकडे रेकॉर्ड चौदाच आहेत, पण त्या मी वाजवतो, नुसत्या फळीवर मांडून ठेवत नाही. त्यात दोन भावांचा एक पॉप अल्बम आहे. हे दोघे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नसत म्हणे. गाताना मात्र एकाचा सूर कुठं संपला आणि दुसऱ्याचा कुठं सुरू झाला ते कळत नाही. त्याच्या पहिल्या बाजूचं तिसरं गाणं मला विशेष प्रिय आहे. त्यात ड्रमवाला एका ठिकाणी पाव ठोका उशिरा येतो. आयुष्यात उशिरा येणाऱ्या माणसांपैकी मी फक्त त्यालाच माफ केलेलं आहे. दुसरी एका थोराड आवाजाच्या बाईची. तिचं शेवटचं गाणं संपत नाही, नुसतं हळू हळू लहान होत जातं, आणि ती आपली गातच असते. रेकॉर्ड थांबली तरी ती अजून कुठंतरी गात असणार असं मला वाटत राहतं. बायको म्हणते, "गाऊ दे तिला. तुम्ही तेवढी भाजी घेऊन या."

पण या सगळ्यांच्या वर, एकटाच, तो माणूस.

त्याची रेकॉर्ड मी अकरा वर्षांपूर्वी, बंद होत असलेल्या एका दुकानातून घेतली. मोठी, चांगली फूटभर रुंदीची. मूळ कव्हर हरवलेलं, त्याजागी साधं पांढरं पाकीट. मधल्या गोल लेबलवर दुकानदारानं 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा ठसठशीत स्टिकर चिकटवलेला. गायकाचं नाव अर्धं स्टिकरखाली गेलेलं. उरलेल्या अर्ध्यावरून एवढंच कळत होतं, की त्याला नाव होतं.

आणि काय तो आवाज! खोल विहिरीत बादली सोडावी आणि ती पाण्याला टेकायला वेळ लागावा, तसा. गाणं परक्या भाषेत. त्यातून तो एकेक शब्द इतका लांबवायचा, की शब्दाच्या दोन टोकांची एकमेकांशी ओळख राहू नये. दोन ओळींच्या मधे तो थांबायचा. त्याला घाई नव्हती. ज्याचं सगळं होऊन गेलंय त्याला कसली घाई?

हे सगळं मी लेखात लिहिलं. शिवाय त्याचं चरित्रही लिहिलं. वय पंचावन्नच्या आसपास. उंच, पण खांदे पडलेले. उमेदीची वर्षं मालवाहू गाडी चालवण्यात गेली. बायको वारली, मुलगी दुरावली. दुसऱ्या गाण्यात तो मुलीच्या दाराशी जातो आणि घंटी न वाजवताच परततो.

"हे तुम्हाला कुठून कळलं?" खालच्या मजल्यावरच्या हेडसरांनी विचारलं. हेडसर म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. इमारतीतलं कुठलंही लिखाण, अगदी पाणी येणार नसल्याची सूचनासुद्धा, त्यांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय पुढे जात नाही.

"श्वासावरून," मी म्हणालो.

हेडसरांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि 'विव्हळ'मधला 'व्ह' दुरुस्त केला.

कोपऱ्यावरच्या केमिस्टनंही न मागता सल्ला दिला. "साहेब, यानं रक्तदाब उतरतो असं एक वाक्य घाला. मी अंक काउंटरवर ठेवीन." मी घातलं. एका वाक्यानं आत्म्याचं काय बिघडतंय!

बायकोला लेख दिला. ती एका पॅथॉलॉजी लॅबमधे तंत्रज्ञ आहे. रक्ताच्या थेंबात काय काय आहे ते सूक्ष्मदर्शकाखाली बघून सांगते, पण तोंडानं कमी बोलते. तिनं लेख उभ्या उभ्याच वाचला. मग बसून पुन्हा वाचला. मग घडी घालून म्हणाली, "हे छापणारच आहेत का?"

हे मी कौतुक समजलो. माणूस एकदा लेखक झाला की त्याला सगळंच कौतुक वाटतं.

आता, सरकारी नोकरानं काहीही छापायचं तर वरिष्ठांची परवानगी लागते. तो नमुना मी तीन प्रतींत भरला. त्यात 'लेखनाचा विषय : (अ) शास्त्रीय (ब) धार्मिक (क) इतर' असा रकाना होता. मी 'इतर'वर खूण केली. 'इतर' पाहिलं की आमच्या साहेबांना घाम फुटतो. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"हा गायक इतका दुःखी का आहे?"

"परिस्थितीमुळे, साहेब."

"कुणी निर्माण केलेली परिस्थिती?"

शेवटी 'सदर गायकाच्या दुःखास कोणतेही शासकीय धोरण कारणीभूत नाही' असं माझ्याकडून लिहून घेऊन, त्यावर गोल शिक्का मारून, साहेबांनी परवानगी दिली. एखाद्या माणसाच्या दुःखावर शिक्का बसल्याचं मी प्रथमच पाहत होतो. मला तर ते जास्तच खरं वाटू लागलं.

अंक निघाला आणि काय सांगू, लेख गाजला. वाचनालयात लोक मला वाट करून देऊ लागले. एका आजोबांनी माझा हात हातात धरला आणि "ती घंटी न वाजवता परततो ना, तिथं मी चष्मा काढला," असं म्हणून तो बराच वेळ सोडला नाही. केमिस्टच्या काउंटरवरचे अंक संपले. कार्यवाह बाई घरी आल्या. पुढच्या रविवारी सकाळी वाचनालयाच्या सभागृहात जाहीर श्रवणाचा कार्यक्रम. आधी माझं भाषण, मग ते गाणं.

मी माझाच रेकॉर्ड प्लेअर नेणार होतो. पण वाचनालयाच्या नियमावलीत बाहेरचं विद्युत उपकरण सभागृहात लावायला विद्युत निरीक्षकाचा दाखला लागतो, असं निघालं. हा नियम एकेकाळी कुणीतरी पाण्याची मोटर आणली होती म्हणून केलेला होता. मी म्हणालो, माझं यंत्र पाणी ओढत नाही. बाई म्हणाल्या, नियम म्हणजे नियम. आणि हे मलाच ऐकवत होत्या, जो मी रोज सकाळ-संध्याकाळ लोकांना हेच ऐकवतो! शेवटी साउंड भाड्यानं देणाऱ्या एका बाईंना त्यांच्या यंत्रासकट बोलवायचं ठरलं, कारण त्यांच्याकडे दाखला होता.

त्या रविवारी निघताना बायको एकदम म्हणाली, "अहो, भाषणच करा की नुसतं. गाणं राहू दे."

"का?"

"सहजच."

"तू चल तर खरी," मी म्हणालो आणि इस्त्रीचा शर्ट घातला.

साठ-पासष्ट लोक होते. हेडसर पहिल्या रांगेत. साहेब सहकुटुंब. मी पंचवीस मिनिटं बोललो. संयम म्हणजे काय, थांबण्यात काय सामर्थ्य असतं, आजच्या उड्या मारणाऱ्या गाण्यांच्या जमान्यात एखादाच आवाज आपल्याला कसा हात धरून खाली बसवतो, इत्यादी. शेवटी म्हणालो, "रुमाल जवळ ठेवा." आणि साउंडवाल्या बाईंना खूण करून मी डोळे मिटून घेतले.

सुई टेकल्याची खरखर आली. मग टाळ्या ऐकू आल्या. माझ्या भाषणाला जरा उशिरा टाळ्या पडताहेत असं वाटून मी मान लववली. पण त्या टाळ्या गाण्यातल्या होत्या, आणि तालात होत्या. त्यांच्यामागून ट्रम्पेटं उधळत आली, आणि एक विशीतली पोरगी, शाळा सुटल्यावर जिना उतरावा तशी, दोन दोन पायऱ्या गाळत गाऊ लागली.

मी डोळे उघडले. "बाई, चुकीची रेकॉर्ड लावलीत."

"तुमचीच आहे की," साउंडवाल्या बाई म्हणाल्या. "पंचेचाळीसची आहे ना ही, मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांची."

"मोठी रेकॉर्ड तेहतीसची असते!" मी म्हणालो. हे मी अशा आवाजात म्हणालो, ज्या आवाजात लोकांचे काटे जप्त करतो.

"असते बहुतेक. ही नाहीये. तुमच्या स्टिकरखाली लिहिलंय. मी नखानं काढला जरा." त्यांनी बोटाच्या टोकावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' मला दाखवला.

सभागृहात मात्र लोकांचे पाय हलायला लागले होते. पहिल्या रांगेत हेडसर लाल पेनानं खुर्चीच्या हातावर ठेका धरून होते. साहेबांच्या पत्नी खांदे उडवत होत्या. आणि त्या पोरीचे शब्द आता लख्ख कळत होते. आमच्यात परकी भाषा सगळ्यात चांगली कळते ती हेडसरांना. ते वळून सगळ्या सभागृहाला मोठ्यानं सांगू लागले, "नवीन बूट घेतलेत तिनं! बूट घालून नाचायला चाललीय!"

"म्हणजे सोल चपलेचाच निघाला," कार्यवाह बाई म्हणाल्या.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी अब्रूचे चार तुकडे हाती लागले असते. पण माणूस बुडायला लागला की हात-पाय मारतो. मी व्यासपीठावरून खाली उतरलो, यंत्राशी गेलो आणि म्हणालो, "तेहतीसवर लावा. लोकांना ऐकू दे."

बाईंनी लावली, आणि तो आला. माझा माणूस. तोच आवाज, तेच पडलेले खांदे. त्यानं पहिला शब्द उच्चारायला घेतला, आणि तो पुरा व्हायच्या आत अख्खं सभागृह हसायला लागलं.

मला हसले असते तर मी समजू शकलो असतो. लोक त्याला हसले. अकरा वर्षं रोज संध्याकाळी माझ्या घरी येणारा, कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात नसलेला माणूस, मी स्वतः त्याला चारचौघांत आणून उभा केला आणि लोकांनी त्याला हसून घेतलं. "परत पळवा!" मागून कुणीतरी ओरडलं. केमिस्टनं हात वर करून विचारलं, "साहेब, मग ती दुरावलेली मुलगी कोण?" ज्या आजोबांनी चष्मा काढला होता, ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, की मी त्यांच्या खिशातून काहीतरी काढून घेतलंय.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात फिरणं अवघड झालं. एका वाण्याच्या तागडीत माप घातलं, तर तो नम्रपणे म्हणाला, "साहेब, स्टिकरखाली बघितलंत का?" ऑफिसात साहेबांनी खुलासा मागवला. परवानगी 'गायका'साठी दिलेली असताना प्रत्यक्षात 'गायिका' कशी निघाली, आणि ज्या दुःखाबद्दल मी लेखी हमी दिली होती ते दुःखच अस्तित्वात नसेल तर त्या हमीचं काय करायचं? ती फाइल अजून बंद झालेली नाही. दुःख रद्द करायचा नमुना खात्यात नाही.

माझी शेवटची आशा यंत्रावर होती. यंत्र बिघडलेलं निघालं असतं तर सगळा दोष त्याच्यावर टाकता आला असता. ऑफिसचं प्रमाणित स्टॉपवॉच घरी आणलं, रेकॉर्डच्या कडेला खडूचा ठिपका काढला आणि फेऱ्या मोजल्या. तीन मिनिटांत बरोबर शंभर, म्हणजे मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश, हव्या तेवढ्याच. एक इकडे नाही, तिकडे नाही. माझ्या सबंध नोकरीत इतकं अचूक यंत्र मी पाहिलेलं नाही. मी जमिनीवरच बसून राहिलो.

बायको लॅबमधून आली. पर्स ठेवली, माझ्याकडे पाहिलं, खडूकडे पाहिलं.

"यंत्र ठीक आहे," मी म्हणालो.

"माहीत आहे," ती म्हणाली.

तिच्या म्हणण्याचा सूर मला वेगळा वाटला. अचूकपणा गेला असला तरी सवय जात नाही. "काय माहीत आहे?"

ती समोरच्या खुर्चीत बसली. "बुधवारी माझी सुट्टी असते ना. एकदा रेकॉर्ड लावून पुसताना फडकं लागून ते बटण पंचेचाळीसवर सरकलं. नंतर मी ते परत तेहतीसवर ठेवलं."

"कधी?"

"रेकॉर्ड आणलीत त्याच महिन्यात."

सभागृहात बसलेला धक्का यापुढे काहीच नव्हता. अकरा वर्षं! अकरा वर्षांचे बुधवार किती होतात, ते मी सवयीनं मनातल्या मनात मोजायला लागलो आणि पाचशेच्या पुढे गेल्यावर मोजणं सोडून दिलं.

"म्हणजे तू दर बुधवारी..."

"लावते. दुपारी. टेबल बाजूला करून."

"टेबल कशाला?"

"नाचायला जागा नको का?"

माझी बायको! जी लग्नाच्या वरातीतसुद्धा पर्स छातीशी धरून कडेकडेनं चालते! "आणि माझा लेख वाचलास? भाषणाची तयारी बघितलीस? एकदा, एका शब्दानं तरी सांगायचंस! मालवाहू गाडी चालवून घेत होतो मी त्याच्याकडून!"

"सांगणार होते," ती म्हणाली. "त्याच संध्याकाळी. तुम्ही ऑफिसातून आलात, रेकॉर्ड लावलीत. मी सांगायला बाहेर आले, तर तुम्ही खिडकीशी पाठमोरे उभे होतात आणि रडत होतात."

मी खडू बोटांत फिरवत राहिलो.

"तुमच्या बाबांना जाऊन तेव्हा दोन महिने झाले होते. तुम्ही मृत्यूच्या दाखल्याच्या सहा प्रती काढल्यात, साक्षांकित करून आणल्यात, फाइल लावलीत. सगळ्यांची नीट सोय बघितलीत. डोळ्याला पाणी नाही. मला रात्रंदिवस भीती वाटायची, हा माणूस आतून फुटेल कधीतरी. आणि त्या दिवशी बघितलं, तर तो कोण तो तुमच्यासाठी गात होता आणि तुम्ही रडत होतात. मग कुठल्या तोंडानं सांगू, की ती पोरगी बुटांबद्दल बोलतेय?"

वडील उंच होते. शेवटी शेवटी खांदे पडले होते. दोन शब्दांच्या मधे बराच वेळ थांबायचे, आणि मी त्या वेळात घड्याळ बघायचो. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. लेखात तर नाहीच. मलाही ते त्या क्षणी, जमिनीवर खडू हातात धरून बसलेलो असताना, प्रथमच कळत होतं.

"लेख वाचल्यावर तरी..." मी म्हणालो, पण आवाजात आता दम नव्हता.

"तेव्हा वाटलं, छापणार नाहीत," ती म्हणाली. "मी तुमच्या लेखनावर विश्वास ठेवला, आणि तिथं चुकलं."

पुढच्या बुधवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. कारणाच्या रकान्यात 'घरगुती' लिहिलं. साहेबांनी 'घरगुती म्हणजे नेमके काय' असं विचारलं नाही. माझ्या कारणांच्या खोलात जायचं त्यांनी सध्या सोडलेलं आहे.

घरी आलो तर बायकोनं टेबल आधीच सरकवलेलं होतं. कमरेनं एक धक्का देऊन ते बरोबर भिंतीला कसं लागतं, ते तिनं मला दाखवलं. मग बटण पंचेचाळीसवर नेलं, पदर खोचला आणि टाळ्या सुरू झाल्या. मी खुर्चीवर, पाय वर घेऊन, भिंतीला टेकून बसलो. ती नाचत होती. चांगलं की वाईट ते मला सांगता येणार नाही, त्याचं माप माझ्याकडे नाही. पण ती एकदाही कडेला गेली नाही, सगळा वेळ खोलीच्या मधोमध होती. ट्रम्पेटं आली तिथं तिनं एक गिरकी घेतली आणि ती घेताना माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. इतक्या वर्षांत मी या बाईला पाहिलेलंच नव्हतं. आणि खरं सांगतो, गाणं फार चांगलं आहे. तेही मला तेव्हाच कळलं.

रेकॉर्ड थांबली. ती धापा टाकत सोफ्यावर बसली, कपाळ पुसलं आणि म्हणाली, "आता तुमचा लावा."

"नको," मी म्हणालो. "हसशील."

"लावा तर."

मी बटण तेहतीसवर आणलं, सुई ठेवली आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. थोडी खरखर झाली. मग तो आला, नेहमीसारखा सावकाश, खांदे पाडून. बायको हसली नाही. कुणाला तरी बसायला जागा करून द्यावी, तशी ती सोफ्यावर थोडी सरकली.